मिटवून घेण्याआधी हे वाचा : अपघात, पोलीस आणि पहिल्या दिवसाचे कागद

अपघात झाला की पाच मिनिटांत गर्दी जमते आणि त्या गर्दीतून एक आवाज हमखास येतो, ‘जाऊ द्या ना, मिटवून घ्या इथल्या इथं. पोलिसांच्या लफड्यात कशाला पडता?’ छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरचा आकाशवाणी चौक असो, बीड बायपासवरचा देवळाई चौक असो की वाळूजच्या वाटेवरचे पंढरपूर, सल्ला तोच. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ठाण्यात एकदा पाऊल ठेवले की किती हेलपाटे घालावे लागतात हे त्याने पाहिलेले असते. पण या सल्ल्याने आपल्याकडे जितक्या कुटुंबांचे नुकसान केले आहे, तितके एखाद्या वाईट वकिलानेही केले नसेल. अपघाताचे प्रकरण पुढे न्यायालयात वर्षानुवर्षे चालते खरे, पण ते बहुतेक वेळा पहिल्या दिवशी तयार झालेल्या तीन-चार कागदांवर उभे राहते किंवा आडवे होते. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयातली नोंद आणि साक्षीदारांचे जबाब हे ते कागद. हे कागद पोलीस करतात, पण ते कसे होतात यावर आपले लक्ष हवे.

आधी एक फरक समजून घ्या. नुसता बंपर चेपला, आरसा तुटला, कुणाला खरचटलेही नाही, तर आपसात मिटवायला हरकत नाही. तेवढ्यासाठी कुणी गुन्हा नोंदवत बसत नाही. तरीही दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे फोटो काढा, समोरच्याचे लायसन्स आणि विम्याचा कागद मोबाइलमध्ये टिपून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ प्रमाणे, नुकसान झालेल्या माणसाने आपले नाव-पत्ता देऊन विचारणा केली तर चालकाला स्वतःचे आणि गाडीमालकाचे नाव-पत्ता सांगावेच लागते. नाकारण्याची सोय नाही.

माणसाला लागले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. डोक्याला बसलेला मार रात्री उलट्या सुरू झाल्यावर कळतो, मुरगळलेला वाटणारा पाय एक्स-रेत मोडलेला निघतो. तोवर दोन हजार रुपये घेऊन ‘माझी काही तक्रार नाही’ असे कोऱ्या कागदावर लिहून दिलेले असते आणि समोरचा आपल्या गावी पोचलेला असतो. तेव्हा जखमी माणूस दिसत असताना मिटवामिटवीला बसू नका. ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही क्रमांक चालतो. ११२ च्या फोनचा दुसरा फायदा असा की अपघाताची वेळ तिथे नोंदली जाते. ‘अपघात झालाच नाही’ किंवा ‘नंतर रचलेली कहाणी आहे’ असे पुढे कुणी म्हणाले तर ही नोंद कामाला येते.

पोलीस येईपर्यंत शक्य असेल तर गाड्या आहेत तशा राहू द्या. वाहतूक अडल्याने हलवाव्याच लागल्या तर आधी चारही बाजूंनी फोटो घ्या : चाकांच्या घासल्याच्या खुणा, काचेचा सडा कुठे पडला, दुभाजक कुठे आहे, रस्त्यावर दिवा आहे की नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात पैठण-गंगापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी न लावता उभ्या असतात आणि दुचाकीस्वार अंधारात थेट त्यांच्यावर जाऊन आदळतो. पंचनाम्यात ‘दुचाकीस्वाराने उभ्या ट्रॉलीस मागून धडक दिली’ एवढेच आले की दोष मेलेल्या माणसाच्या माथी. ट्रॉलीला परावर्तक नव्हता, ती निम्मी डांबरावर होती, हे दाखवणारा एखादा फोटो साऱ्या प्रकरणाची दिशा बदलू शकतो. सकाळी तिथे ट्रॉलीही नसते.

मदत करणाऱ्यांना अजूनही भीती वाटते. ती आता निराधार आहे, आणि हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेत याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ कायद्यातच आले. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही. त्याला नाव, पत्ता, फोन सांगण्याची सक्ती करता येत नाही. तो स्वखुशीने साक्षीदार व्हायला तयार झाला, तर त्याचा जबाब एकदाच, त्याच्या सोयीच्या ठिकाणी घ्यायचा आणि पोलिसांनी तिथे साध्या वेशात जायचे, असा नियम आहे. रुग्णालयानेही त्याला अडवून ठेवायचे नाही की त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत २५,००० रुपयांचे बक्षीसही आहे. पैशासाठी कुणी धावून जात नाही हे खरे, पण निदान चौकशीच्या भीतीने कुणी पाठ फिरवू नये.

हद्द कोणाची?

आपल्या शहराभोवतीच्या अपघातांत पहिली रस्सीखेच हद्दीवरून होते. वाळूज एमआयडीसी, सातारा, हर्सूल, दौलताबाद ही ठाणी पोलीस आयुक्तालयाची. करमाड, बिडकीन, वैजापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांची. रस्ता एकच, पण गाडी आत्ता शहरात आणि दहा मिनिटे पुढे गेली की ग्रामीणमध्ये. त्यात महामार्ग पोलीस वेगळे. घाबरलेल्या नातेवाइकाला ‘ही आमची हद्द नाही, तिकडे जा’ असे ऐकावे लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. तिथे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवणे पोलिसांचे काम आहे, तुमचे नाही. फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत फिर्यादीला मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे.

इथे एक फसगत होते. ठाणे अंमलदार वहीत काहीतरी लिहून घेतात आणि ‘नोंद घेतली आहे, जा’ म्हणतात. स्टेशन डायरीतली नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमे विचारा. अपघातात साधी दुखापत असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ (अ), गंभीर असेल तर १२५ (ब), बेदरकार वाहन चालवण्याबद्दल २८१ आणि मृत्यू झाला असेल तर १०६ (१), ही नेहमीची कलमे. हाड मोडलेले असताना साध्या दुखापतीचेच कलम लागले असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन कलम वाढवून मागता येते. ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी कळवा, रजिस्टर्ड पोस्टाने, पावती जपून. त्यानेही हलले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

दवाखान्याच्या धावपळीत फिर्याद द्यायला चार-सहा दिवस उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका. ‘रवी विरुद्ध बद्रीनारायण’ या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही. आपल्या देशात माणूस आधी जखमीला सांभाळतो, मग ठाण्यात जातो, हे न्यायालयालाही ठाऊक आहे. मात्र उशिराचे कारण फिर्यादीतच लिहून घ्या.

समृद्धी महामार्गावरचे एक प्रकरण इथे आठवावे. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात जांबरगाव टोल नाक्याजवळ, सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर पुढच्या ट्रकवर आदळला. बारा जण ठार झाले, वीसहून अधिक जखमी. मागून येऊन धडकला तो दोषी, असे आपण सहज म्हणून जातो. पण परिवहन विभागाच्या पथकाने तो ट्रक महामार्गावरच थांबवला होता, असे तपासात पुढे आले आणि ट्रकचालकासोबत त्या पथकातल्या दोन अधिकाऱ्यांनाही अटक झाली. कोण कुणावर आदळले, याइतकेच कोण कुठे आणि का उभे होते हेही लिहून निघाले पाहिजे, ते यासाठी. त्या ट्रॅव्हलरमध्ये आसनांपेक्षा जास्त माणसे होती, म्हणून याच अपघाताचा आणखी एक धडा गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी : क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली तर विमा कंपनीची जबाबदारी परवान्यातल्या आसनसंख्येपुरतीच धरली जाते. देवदर्शनाला निघताना ‘बसतील हो पोरं मांडीवर’ म्हणण्याआधी याचा विचार व्हावा.

घाटीतली एक ओळ

आता ज्या कागदाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि ज्याने सर्वांत जास्त दावे बुडतात, त्याकडे येऊ. जखमीला घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात, तिथला डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, ‘काय झालं?’ सोबतचा माणूस घाबरलेला असतो. पोलीस केस झाली तर उपचार थांबतील, पैसे जास्त लागतील, असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. तो म्हणतो, ‘गाडीवरून घसरून पडला.’ डॉक्टर तसेच लिहितो. ही एक ओळ पुढे विमा कंपनीचा वकील भर न्यायालयात वाचून दाखवतो आणि विचारतो, ‘मग ती कार आली कुठून?’

म्हणून खरे ते सांगा : अमुक रस्त्यावर, अमुक वेळी, अमुक वाहनाने धडक दिली. नंबर माहीत असेल तर नंबर, नसेल तर रंग आणि प्रकार. आणि माहीत नसलेला नंबर अंदाजाने सांगू नका. चुकीचा नंबर हा नंबर नसण्यापेक्षा वाईट. ही नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून, म्हणजे एमएलसी म्हणून झाली पाहिजे. खासगी रुग्णालयालाही ती टाळता येत नाही. एमएलसी नंबर लिहून घ्या. रुग्णालय बदलले तर पहिल्या ठिकाणचे केसपेपर सोबत न्या. उपचार थांबण्याची भीती तर मनातून काढूनच टाका. आधी पोलीस, मग उपचार असे म्हणायचा अधिकार कुठल्याही डॉक्टरला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितले आहे.

पैशांचे म्हणाल तर, अपघातग्रस्तांच्या रोखरहित उपचारांची केंद्राची योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात पैसे न भरता मिळू शकतात. पण हा रस्ते अपघातच आहे याची पुष्टी पोलिसांकडून व्हावी लागते. ‘घसरून पडला’ लिहून ठेवले असेल तर हाही दरवाजा बंद.

दुर्दैवाने माणूस गेलाच, तर पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात आणि मग शवविच्छेदन होते. त्या वेळी घरच्यांची मनःस्थिती कागद वाचण्याची नसते. म्हणून भावकीतला किंवा मित्रमंडळीतला एखादा शांत डोक्याचा माणूस या कामाला सोबत ठेवा. नाव आधार कार्डावरच्याप्रमाणे, वय नेमके, व्यवसाय खरा लिहिला जातो आहे ना, हे त्याने पाहावे. ‘वय अंदाजे ४०’, ‘धंदा मजुरी’ असे सवयीने लिहिले जाते. त्याची किंमत किती, ते उदाहरणाने पाहू.

समजा, वाळूजच्या कंपनीत कंत्राटी कामगार असलेला २८ वर्षांचा माणूस गेला. मागे आई, पत्नी, एक मूल. पगार १५,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या हिशेबाने वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २,५२,०००. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की १,६८,०००. २६ ते ३० या वयोगटाचा गुणक १७, म्हणजे २८,५६,००० रुपये. त्यावर अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या. आता पगाराचा पुरावाच नाही आणि न्यायाधिकरणाने उत्पन्न ८,००० धरले, तर हाच आकडा १५,२३,२०० वर येतो. तेरा लाखांहून जास्त फरक, तोही पगारपत्रक किंवा भविष्य निर्वाह निधीचा उतारा न सापडल्यामुळे. शेतकऱ्याच्या घरात सातबारा, आडतीच्या पट्ट्या, दूध डेअरीच्या पावत्या गोळा करा. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच एका भरपाईच्या प्रकरणात सांगितले आहे.

कॅमेरे थांबत नाहीत

शहरात चौकाचौकांत कॅमेरे आहेत, दुकानांना आहेत, टोल नाक्यांना आहेत. समृद्धीवर तर गाडी कुठल्या इंटरचेंजवरून आत आली आणि कुठे बाहेर पडली याचीही नोंद राहते. पण चित्रण कायमचे साठत नाही. दुकानातल्या यंत्रावर काही दिवसांत जुन्यावर नवे चढते. तपास अंमलदाराला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या की, अमुक दुकानाच्या, अमुक चौकातल्या, इतके ते इतके वाजेपर्यंतच्या चित्रणाची प्रत ताब्यात घ्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दुकानदाराला स्वतः भेटून ‘एवढं पुसू नका’ म्हणून विनंती करा. तो बहुधा ऐकतो. पोलिसांनी मागितल्याशिवाय प्रत द्यायला मात्र कचरतो, आणि त्याचे बरोबर आहे.

गाडी तुम्ही चालवत असाल तर

आतापर्यंतचे सारे जखमीच्या बाजूने झाले. पण वाचकांपैकी अनेक जण रोज गाडी चालवतात आणि उद्या चाक तुमच्या हातात असू शकते.

थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणे ही चालकाची जबाबदारी आहे. जमाव मारायला उठला असेल तर तिथून निघून जाण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, पण घरी जाण्याची नाही. थेट जवळचे पोलीस ठाणे गाठायचे. घटनास्थळी पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, ठाण्यात खबर द्यावी लागते. विमा कंपनीलाही पॉलिसी क्रमांक, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती लेखी कळवावी लागते. हे न केल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (२) हे त्याचे कारण होते. जुलै २०२४ मध्ये नवी संहिता लागू करताना हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. लागू झाले ते १०६ (१) : निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद, गुन्हा जामीनपात्र. म्हणजे थांबणाऱ्या, ठाण्यात हजर होणाऱ्या चालकाला जामीन मिळण्यात अडचण नसावी. पळून गेलेल्याबद्दल मात्र पुढच्या प्रत्येक टप्प्यावर संशयच घेतला जातो.

चालक बदलू नका. पोरगा गाडी चालवत होता, लायसन्स बापाकडे, म्हणून बाप चालवत होता असे सांगायचे, हा जुना खेळ आहे. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे झालेल्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टर आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे आईवडीलही गजाआड गेले. मूळ अपघातापेक्षा नंतरच्या लपवाछपवीनेच ते कुटुंब जास्त अडकले. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासेसच्या बाहेर उभ्या असलेल्या स्कूटी पाहिल्या की वाटते, हे कलम शहरातल्या निम्म्या पालकांनी वाचलेलेच नाही.

जप्त झालेल्या गाडीबद्दल. मोटार वाहन निरीक्षक तिची तांत्रिक तपासणी करतो : ब्रेक, टायर, दिवे. तोवर आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. कलम १३६ प्रमाणे तपासणीचे सोपस्कार झाल्यावर २४ तासांत गाडी परत द्यायची आहे. व्यवहारात अनेकदा न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर सोडवून आणावी लागते. विमा नसेल तर मात्र हे सारेच अवघड होते, आणि भरपाईची रक्कम गाडीमालकाच्या घरादारावर येते. थर्ड पार्टी विमा संपलेली दुचाकी रस्त्यावर काढणे हा वर्षाचा हप्ता वाचवण्याचा सर्वांत महागडा मार्ग आहे.

धडक देऊन पळालेले वाहन

नंबर कळला नाही, साक्षीदार नाही, तरी फिर्याद द्याच. अनोळखी वाहनाविरुद्ध गुन्हा नोंदवता येतो. अशा अपघातात मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून या रकमा लागू आहेत. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. रक्कम मोठी नाही, पण ती मागायला येणारे फारच थोडे. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांना सांगितले की, गुन्हा नोंदल्यापासून महिन्याभरात वाहन सापडले नाही तर जखमीला किंवा वारसांना या योजनेची माहिती लेखी द्या. असे पत्र आले नसेल तर ठाण्यात जाऊन मागा.

भरपाईची मुदत

वाहन माहीत असेल तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. तो अपघात झाला तिथे, दावेदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, कुठेही दाखल करता येतो. पुण्याजवळ अपघात झाला म्हणून इथल्या कुटुंबाने पुण्याच्या वाऱ्या करण्याचे कारण नाही.

२०२२ च्या नियमांनी पोलिसांवर बरेच काम टाकले आहे. ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला, दहा दिवसांत पीडितांना त्यांच्या हक्कांचा नमुना, ९० दिवसांत सविस्तर अहवाल. गोहर मोहम्मद प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. हा सविस्तर अहवालच दाव्याचा अर्ज समजावा, अशी कायद्यात तरतूद आहे. कागदावर सुंदर व्यवस्था. पण ज्या अंमलदाराकडे बंदोबस्त, समन्स आणि चोरीचे तपास एकाच वेळी आहेत, त्याच्याकडून ती ठरल्या दिवशी पूर्ण होईल या भरवशावर राहू नका. अहवाल गेला का, हे विचारत राहा आणि स्वतःचा दावाही तयार ठेवा. गुन्ह्याची प्रत, पंचनामा व नकाशा, वाहन तपासणी अहवाल, चालकाचे लायसन्स, गाडीचे नोंदणीपत्र, विमा पॉलिसी, दुखापतीचे प्रमाणपत्र किंवा शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती लागतील. औषधांची बिले फेकू नका, प्रवासाच्या पावत्याही नाही.

रुग्णालयाच्या आणि शवागाराच्या आसपास ‘केस आम्ही लढतो, खर्च काही नाही, मिळेल त्यातले अमुक टक्के’ म्हणणारे लोक भेटतील. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणे वकिलांच्या आचारसंहितेतच बसत नाही, त्यामुळे असे बोलणारा बहुधा वकील नसतो, दलाल असतो. अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, औद्योगिक कामगारांना आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना तिथून मोफत वकील मिळतो. पतीच्या मागे एकटी पडलेली बाई या हक्कासाठी उत्पन्नाचा दाखलाही न देता पात्र आहे. दलालाशी बोलण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

आणि तारीख. कायद्यातल्या दुरुस्तीनंतर दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या निकालावर आपले घर टांगून ठेवू नका. तेरावे झाले की त्याच आठवड्यात कागद घेऊन वकिलाकडे जा.